माझं माणूस उचलायचंय

जिममध्ये नाव घालायला आलेल्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न एकच विचारायचे, "कशासाठी?"

उत्तरं बहुतेक ठरलेली. डिसेंबरात लग्न आहे, तोवर पोट आत पाहिजे. डॉक्टरने शुगर सांगितलीय. बायकोने पाठवलंय. एका गृहस्थांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "आमच्या बिल्डिंगला पाणी येत नाही," आणि खरोखरच ते वर्षभर फक्त आंघोळीला आले, ट्रेडमिलला बोटसुद्धा लावलं नाही. एक मावशी साडी खोचून सायकलवर बसायच्या आणि मोबाईलवर मालिका लावायच्या. मालिकेतली सासू जिंकायला लागली की त्यांचे पाय जोरात फिरायचे. त्यांचं वजन किती उतरणार हे मी नाही, मालिका लिहिणारा ठरवायचा.

पास्कल काकांनी दिलेलं उत्तर मात्र मी तोवर ऐकलं नव्हतं. साठी ओलांडलेला, काटकुळा माणूस. इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात चामडी चपला, तेल लावून मागे फिरवलेले पांढरे केस. खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "टीचर, मला बॉडी नाय बनवायची. मना एक मानूस उचलाचाय."

काका मूळचे उत्तनकडच्या चौक गावचे. सगळा जन्म भाईंदरच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून गेला, त्यामुळे एरवी आपल्यासारखंच बोलायचे. मनाला लागलेलं काही असलं की गावची बोली बाहेर यायची.

"किती वजनाचा माणूस?" मी विचारलं.

"सत्तर किलो असल. आजारी हाय. अर्धं अंग गेलंय."

"कोण आहे तुमचा?"

काकांनी भिंतीवरच्या पंख्याकडे बघितलं. "माझं माणूस हाय," म्हणाले.

हे दोन शब्द मी आयुष्यभर बायकांच्या तोंडून ऐकले आहेत. 'माझं माणूस अजून कामावरून आलं नाही.' 'माझ्या माणसाला तिखट चालत नाही.' पुरुषाने पुरुषाबद्दल म्हटलेले पहिल्यांदाच ऐकले. "उद्यापासून चपला चालणार नाहीत, बूट घालून या," एवढंच मी म्हटलं.

थोडं माझ्याबद्दल सांगते. मी रायगडची. जिल्ह्याकडून कबड्डी खेळले, लग्न होऊन भाईंदर पूर्वेला आले, आणि मुलं शाळेला लागल्यावर इथल्या एका जिममध्ये बायकांच्या बॅचला शिकवायला लागले. हळूहळू पुरुषांनाही शिकवू लागले. सुरुवातीला पुरुषांना बाईकडून शिकायचा संकोच वाटायचा. चुकीच्या पद्धतीने वजन उचलून पाठ धरली की तो संकोच जायचा. आता माझाच गुडघा बोलायला लागल्यामुळे मी रोजचं काम सोडलंय. पण जिमची किल्ली अजून माझ्याकडे आहे, हे जरा मिरवून सांगते.

आमच्या जिममध्ये केबल मशीनशेजारी एक कोपरा आहे. संध्याकाळी तिथे सहा-सात तरुणांचा घोळका जमायचा. व्यायाम मन लावून करायचे, पण व्यायाम संपला तरी जायचे नाहीत. मॅटवर पाय पसरून बसायचे, एकमेकांना चिडवायचे, कोणाचा वाढदिवस असला की उकडलेल्या अंड्यांवर मेणबत्ती लावायचे. त्यातला निखिल आमच्याच भागातला, विमा कंपनीत नोकरी, आईबरोबर राहणारा. मीरारोडच्या फैजानचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. बाकीचे कोणी गुजराती, कोणी मारवाडी, एक केरळचा. मी एकदा निखिलला विचारलं, "अरे, घरी कोणी वाट बघत नाही का?"

"बघते ना, ताई," तो म्हणाला. "म्हणून तर इथे बसतो."

पुढे कधीतरी त्याच्या पोटरीत गोळा आला होता, मी पाय ताणून देत होते, तेव्हा छताकडे बघत त्याने सांगून टाकलं, "ताई, मी गे आहे. आम्ही सगळेच. तुम्हाला माहितीच असेल."

मला अंदाज होता. तो शब्द मात्र माझ्याकडे नव्हता. त्याआधी जे शब्द माझ्या कानावर होते ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. मी म्हटलं, "बरं. दुसरा पाय दे."

मग तो मोकळेपणाने बोलायला लागला. फोनवर माणसं भेटतात, म्हणाला, पण भेटून बसायचं कुठे? घर म्हणजे एक खोली आणि हॉल, हॉलमध्ये आई. हॉटेलात चहा संपला की वेटर टेबलावर फडका मारतो. बागेत दोन पुरुष तासभर बसले की लोक वळून बघतात. "पण 'जिमला जातोय' म्हटलं की दोन तास कोणी काही विचारत नाही, ताई. उलट आई दूध देते."

त्यानंतर मी त्या कोपऱ्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले, आणि इतकी वर्षं त्या जागेत वावरून न दिसलेली गोष्ट मला दिसली. बेंचवर झोपून जड बार ढकलणाऱ्याच्या डोक्याशी दुसरा एक जण उभा राहतो, त्याला आम्ही स्पॉटर म्हणतो. बार हातातून सुटला तर झेलायचा, एवढंच त्याचं काम. त्यासाठी दोघांनी एकमेकांच्या अगदी जवळ जावं लागतं, श्वास ऐकावा लागतो, भरवसा ठेवावा लागतो. पुरुषाने पुरुषाला हात लावला तर कोणाला काही वाटत नाही अशी आमच्या शहरात ही एकच जागा असेल. त्या मुलांनी ती बरोबर शोधून काढली होती.

पण सगळंच गोड नव्हतं. तिथे आरसे आहेत, आणि आरशांचं राज्य कठोर असतं. दंड बारीक असलेला नवा मुलगा त्या घोळक्यात यायला बघायचा तर त्याला आठवडे न् आठवडे कोणी ओळख द्यायचं नाही. आणि म्हातारा माणूस तर त्यांना दिसायचाच नाही. पास्कल काका रोज त्यांच्यापासून पाच हातांवर व्यायाम करत होते आणि त्यांच्या लेखी तिथे एक 'अंकल' होता, बस. फैजान एकदा म्हणालाही, "चालीस के बाद अपना कोई फ्यूचर नहीं है, ताई. कौन देखेगा?" हसत म्हणाला, पण बाकीचे कोणी हसले नाहीत.

काकांना मी डेडलिफ्ट शिकवायला घेतली. जमिनीवर पडलेला बार दोन्ही हातांनी धरून उभं राहायचं, दिसायला एवढंच. पण नवखा माणूस पाठीने उचलतो आणि आयुष्यभर पाठ धरून बसतो. कमरेत वाकायचं नाही, खुब्यातून दुमडायचं, बार नडगीला घासत वर आला पाहिजे. फिटरचे हात असल्यामुळे काकांची पकड लोखंडासारखी होती. पहिल्या दिवशी नुसता रिकामा बार उचलताना मांड्या थरथरल्या, पण त्यांनी कधी कुरकुर केली नाही. हळूहळू बारला वजनाच्या ताटल्या चढत गेल्या. मधल्या वेळात ते थोडंथोडं सांगायचे. त्यांच्या माणसाचं नाव शशिकांत. मूळ रत्नागिरीकडचे, भाईंदरच्या शाळेत गणित शिकवायचे. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांना झटका आला. हॉस्पिटलातून घरी आणल्यावर मदतनीस ठेवला, तो त्यांना पोत्यासारखं खेचायचा. शशिकांत रडायला लागले तसं काकांनी त्याला काढलं. मग एका दुपारी काका त्यांना बाथरूमला नेताना दोघेही पडले. काकांना त्यांना उठवता येईना, सोडून जाववेना. संध्याकाळी शेजारणीने दार ठोठावलं तोवर दोघे लादीवर होते.

"त्याची बहीण हाय रत्नागिरीला, अक्का," काका म्हणाले. "शेजारणीने फोन करून सांगितलं तिला. अक्का बोलली, गणपती झाले की येते न् शशीला घेऊन जाते."

"आणि तुम्ही?"

"मी कोण?" काका म्हणाले, आणि वाकून बार धरला.

काही दिवसांनी नुसत्या बारवर माझं समाधान होईना. बार सभ्य असतो, जिथे धरला तिथे राहतो. माणसाचं तसं नसतं. कबड्डीत आम्ही माणसं उचललेली आहेत. उचललेलं माणूस निसटतं, वळतं, जिथे नको तिथे वजन टाकतं. मी काकांबरोबर त्यांच्या घरी गेले, पलंगाची उंची आणि खुर्ची बघायला. खारी गावाला लागून असलेली जुनी इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. घर नीटनेटकं. खिडकीशी एक उंच, देखणा माणूस खुर्चीत बसला होता, उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला. शशिकांत सर. झटक्यात बोलणं गेलं होतं, एकच शब्द शिल्लक राहिला होता, तोही कोकणातला: "मेल्या!" आयुष्यभर मुलांना शुद्ध बोलायला लावणारा शिक्षक, आणि आता पाणी हवं तरी "मेल्या", पंखा बंद कर म्हणायचं तरी "मेल्या". काकांना प्रत्येक मेल्याचा अर्थ कळत होता. मला बघून सरांनी लांबलचक, सौम्य सुरात "मेल्याऽऽ" केलं.

"बसा म्हणतोय," काका म्हणाले, आणि आत चहा ठेवायला गेले.

मी त्या घरात तासभर होते. त्या तासात काकांनी सरांची हनुवटी पुसली, चष्मा पुसून पुन्हा चढवला, उशी वळवली, आणि यातलं काहीही करताना माझ्याशी चाललेलं बोलणं थांबवलं नाही. बाई संसारात चालता-बोलता जशी कामं उरकते तसं. माझं लग्न चांगलं आहे, नवरा चांगला आहे. पण इतकं सरावाचं प्रेम मी जवळून बघितलं नव्हतं.

मग त्यांच्याकडे येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीला मी गाठलं. तिने मला आणि काकांना नीट शिकवलं. म्हणाली, "तुम्ही उचलायला जाताय, तिथेच चुकताय. त्यांच्या डाव्या पायात जोर आहे. त्यांना पुढे झुकवा, त्यांचा लुळा गुडघा तुमच्या गुडघ्यांनी अडवा, कमरेचा पट्टा धरा, आणि दोघं बरोबर उभे राहा. लुळ्या हाताला धरून कधीच ओढायचं नाही, खांदा निखळेल." तिच्या पद्धतीला ताकद लागतेच, पण अंदाज जास्त लागतो. तो अंदाज यायला सराव हवा, आणि सरावाला जिवंत माणूस. सरांवर सराव करायला काकांचा धीर होईना.

म्हणून एका संध्याकाळी मी कोपऱ्याकडे गेले. "निखिल, जरा बेंचवर बस. उजवं अंग लुळं आहे असं समज."

निखिल हसत बसला. काका समोर उभे राहिले, गुडघा अडवला, पट्टा धरला. निखिलने सहज विचारलं, "कोणाला उचलायचंय, काका? भावाला?"

काका म्हणाले, "नाय. माझं माणूस हाय ते. तीसेक वर्षं झाली."

निखिलच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. "म्हणजे... तुम्ही दोघं..."

"हां," काका म्हणाले. "आम्ही दोघं."

फैजानने हातातला डंबेल इतक्या हळू खाली ठेवला की आवाज आला नाही. कोपऱ्यातला प्रत्येक जण उठून जवळ आला. "एकाच घरात? इथे? भाईंदरमध्ये?" कोणीतरी विचारलं.

"मग काय वेगळ्या घरात राहू?" काकांना प्रश्नच कळला नव्हता.

त्या मुलांचे चेहरे मी विसरणार नाही. देवळात अचानक मूर्ती समोर आल्यावर माणूस जसा होतो तसे झाले होते. त्यांनी सिनेमातली जोडपी बघितली होती, परदेशातली बघितली होती. पण आपल्यासारखे दोघं आपल्या रस्त्यापलीकडे म्हातारे होत आहेत, भाजी आणताहेत, एकमेकांवर चिडताहेत, हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. चाळिशीनंतर काही नसतं म्हणणारा फैजान काकांच्या चपलांच्या पिशवीकडे बघत उभा होता. शेवटी म्हणाला, "अंकल, मुझे उठाइए. कितने किलो के हैं वो? मैं सत्तर का हूं."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी काका एकेकाला उठवायचे. ती पिळदार मुलं बेंचवर मान टाकून बसायची आणि हा काटकुळा म्हातारा त्यांना धरून उभं करायचा, वळवायचा, खुर्चीत बसवायचा. एक मेंबर मालकाकडे तक्रार घेऊन गेला: "इथे पुरुष पुरुषाला मिठ्या मारतात, आमच्या मुलांनी काय बघायचं?" मालक माझ्याकडे आले. मी म्हटलं, "तुमच्या आईला पलंगावरून कोण उठवतं?" मालकांची आई वर्षभर अंथरुणावर होती. ते थोडा वेळ कोपऱ्यात उभे राहिले आणि दुसऱ्या दिवशी एक जुनी चाकांची खुर्ची सरावाला आणून दिली. तक्रारवाल्याने जिम बदललं. जाऊ दे.

गणपती झाले आणि अक्का आल्या. काकांनी मला बोलावून घेतलं. "तू बाईमाणूस हाय, टीचर. तुझ्याशी बोलेल." मुलांनाही यायचं होतं, काका नको म्हणाले. ती खाली टपरीवर उभी राहिली.

अक्का सत्तरीच्या पुढच्या, ताठ, मुलाला बरोबर घेऊन आलेल्या. सरांची पिशवी अर्धी भरून झाली होती. काका दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, स्वतःच्याच घरात.

"पास्कल, तू काही कमी केलंस असं मी म्हणत नाही," अक्का म्हणाल्या. "मे महिन्यात आमच्याकडे येऊन वर्षानुवर्षं फणस फोडलेस, आम्ही तुला परका मानला नाही. पण तू पण म्हातारा झालास. त्याचं करणार कोण?"

"मी करतोय ना, अक्का."

"काय करतोस? दोघं लादीवर पडलात."

तेवढ्यात सरांनी घाईचं "मेल्या" काढलं. बाथरूम. अक्कांचा मुलगा चटकन पुढे झाला आणि त्याने चांगुलपणानेच सरांचा लुळा हात धरून वर ओढला. सर ओरडले. काका दारातून तीन ढांगांत आले, त्यांनी त्या मुलाला हळूच बाजूला केलं आणि खुर्चीसमोर उभे राहिले.

मी शेकडो माणसांना वजनं उचलताना बघितलंय. राज्य पातळीवरचे गडी बघितलेत, त्यांच्या मानेच्या शिरा, त्यांच्या आरोळ्या. काकांनी आवाज केला नाही. गुडघ्याला गुडघा लावला, पट्टा धरला, आणि सरांच्या कानाशी काहीतरी पुटपुटले. सर पुढे झुकले. दोघं एकदा मागे गेले, पुढे आले, पुन्हा मागे, पुन्हा पुढे, झोका घ्यावा तसे, आणि पुढच्या झोक्याला दोघं उभे होते. कोणी कोणाला उचललं ते कळलंच नाही. सरांचं डोकं काकांच्या खांद्यावर होतं. तसे ते क्षणभर थांबले. सरांचा डावा हात काकांच्या पाठीवरून सावकाश वर गेला आणि मानेशी थांबला. मग छोटी छोटी पावलं टाकत ते आत गेले.

अक्कांच्या मांडीवर सरांचा घडी घातलेला शर्ट होता, त्या त्यावरून हात फिरवत राहिल्या.

दोघं परत आल्यावर अक्का म्हणाल्या, "उठवलंस छान." आवाज खाली आला होता, पण प्रश्न सोडला नव्हता. "पण उद्या तूच पडलास तर? तुझं कोण आहे?"

त्याचं उत्तर माझ्याकडे होतं. मी खिडकीतून हाक मारली.

जिना धडधडला. त्या एवढ्याशा हॉलमध्ये सहा धिप्पाड मुलं, घट्ट टी-शर्ट, कोणाच्या कानात बाळी, भिंतीला चिकटून ओळीने उभी राहिली. अक्का बघतच राहिल्या. "हे कोण सगळे?"

"जिममधली मुलं आहेत," मी म्हटलं. "काका कुठेही पडले तरी फोन केल्यावर यातला कोणीतरी लगेच इथे असेल. जमिनीवरून उठवायला दोन माणसं लागतात, ते सगळे शिकलेत."

"का?" अक्कांनी निखिलला विचारलं, तो सगळ्यात पुढे होता. "तुझं काय नातं यांच्याशी?"

निखिलने माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे. "आजी, मी पण यांच्यासारखाच आहे," म्हणाला.

अक्कांनी "म्हणजे काय" असं विचारलं नाही.

"मी म्हातारा होईन तेव्हा असं राहता येतं हे मला माहितीच नव्हतं," निखिल म्हणाला. "काकांना बघितल्यावर कळलं. म्हणून येणार."

अक्कांनी मांडीवरचा शर्ट उचलला, पिशवीत न घालता बाजूला ठेवला. "मी आठ-पंधरा दिवस राहते," म्हणाल्या. "बघते हे किती दिवस टिकतं ते."

त्या राहिल्या. मुलं आली, पाळ्या लावून आली, पावसात आली. फैजानने सरांसाठी मोबाईलमध्ये मोठी चित्रं टाकून दिली, बोटाने दाबलं की आवाज यायचा: पाणी, भूक, झोप. सरांनी ती एकदा दाबून बघितली आणि फैजानला "मेल्या" म्हणाले. एका संध्याकाळी अक्का माझ्याबरोबर जिममध्येही आल्या, कोपऱ्यातल्या बेंचवर बसून त्यांनी मुलांचा व्यायाम बघितला आणि केरळच्या मुलाला "भात कमी खातोस का?" विचारलं. निघायच्या दिवशी मात्र त्यांनी निखिलला गॅलरीत बोलावलं. मी चहाचे कप उचलत होते, मला ऐकू आलं.

"घरी मुली बघतायत तुझ्यासाठी?"

"हो, आजी."

"सांगून टाक आईला. आमच्या शशीने कधी सांगितलं नाही, आणि आम्ही कधी विचारलं नाही. मी पण त्याला मित्र मित्रच म्हणत राहिले. बाबा असेतो वाटायचं, विषय निघाला नाही ते बरं झालं. आता वाटतं, एवढी वर्षं त्या माणसाला आमच्याकडे पाहुण्याच्या ताटात वाढलं."

अक्का गेल्या, सर राहिले. आज ते काठी घेऊन गॅलरीपर्यंत जातात. शब्द एकाचे चार झालेत.

निखिलने त्या महिन्यातच आईला सांगितलं. आई बोलायची थांबली. भांडली नाही, रडली नाही. ताट वाढायची आणि आत जायची. दिवाळी गेली, नाताळ गेला, तरी तसंच. तो जिममध्ये यायचा, व्यायाम करायचा, पण अंड्यांवर मेणबत्ती लावायच्या वेळी पिशवी उचलून निघायचा. मला वाटायचं, अक्कांनी सांगितलं ते बरोबरच. पण त्याच्या घरी अक्कांसारखं समजून घेणारं कोणी नव्हतं.

दरम्यान आमच्याकडे एक नवीनच गोष्ट सुरू झाली होती. सरांच्या शेजारणीचा नवरा कंबरेच्या दुखण्याने अंथरुणाला लागला, ती काकांना विचारायला आली. तिने आणखी कोणाला सांगितलं. शनिवारी दुपारी जिम रिकामं असतं, तेव्हा मालक जागा देतात. कोणाची सासू, कोणाचा नवरा, कोणाचे वडील, घरात माणूस अंथरुणाला खिळलेल्या बायका खारीतून, नवघरमधून, उत्तनजवळच्या डोंगरीहून बस बदलून येतात. फिजिओ मुलगी जमेल तेव्हा येते. काका शिकवतात, आणि आजारी माणसाचं काम आमची कोपऱ्यातली मुलं करतात. पदर खोचलेल्या बायका ह्या पिळदार दंडांच्या मुलांना पट्ट्याला धरून उभं करतात, "सरळ बस रे, मुद्दाम वजन टाकू नकोस," म्हणून दटावतात. मी दाराशी स्टूल टाकून बघत बसते. हे मी सुरू केलेलं नाही, कोणी ठरवलेलंही नाही.

अशाच एका शनिवारी जिन्यावरून एक बाई आल्या. फिकट साडी, हातात कापडी पिशवी, चप्पल बाहेर काढावी की नाही या विचारात दाराशी उभ्या. मी माझा नेहमीचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं, तोच त्या म्हणाल्या, "निखिल रोज जिथे येतो ती जागा हीच का? मी आई त्याची."

निखिल समोरच बेंचवर बसला होता, अर्धं अंग लुळं टाकून. त्याने आईला बघितलं आणि तसाच राहिला. उठावं की बसावं हे त्याला कळेना. खोलीतल्या बायका आपापल्या कामात होत्या. काकांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि त्यांना समजलं.

"या," ते तिला म्हणाले. "चप्पल राहू द्या. घरी कोण आजारी हाय?"

"कोणी नाही," ती म्हणाली. "नुसती बघायला आले."

"बघून येत नाय हे. करून बघा."

तिने पिशवी माझ्याकडे दिली. जाऊन मुलासमोर उभी राहिली. काकांनी सांगितलं तसं तिने गुडघ्याला गुडघा लावला, पट्टा धरला. एवढ्या महिन्यांत दोघं इतक्या जवळ आली नसतील. तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही, त्याच्या खांद्याकडे बघत होती. "पुढे झुक," म्हणाली. कितीतरी दिवसांनी त्याला उद्देशून बोललेले ते पहिले शब्द असावेत.

निखिल पुढे झुकला. एकदा मागे, एकदा पुढे. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा तिने पाय घट्ट रोवले, आणि तो उभा राहिला. त्याची हनुवटी तिच्या डोक्याच्याही वर होती.

आता वळवून खुर्चीत बसवायचं असतं. तिने वळवलं नाही. त्याच्या पट्ट्याला दोन्ही हातांनी धरून ती तशीच उभी राहिली.

"केवढा जड झालायस रे," ती म्हणाली.